आधी स्नायू आवळा, मग खोका

"बाळंतपण झालं की शिंकताना थोडी लघवी होणारच," असं सांगून बाळंतिणीला गप्प बसवलं जातं. हा त्रास पुष्कळ जणींना होतो, पण तो जन्मभर सोसायचं कारण नाही.

ओटीपोटाच्या खालच्या टोकाचं पुढचं हाड (प्युबिक बोन) आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये झोळीसारखे ताणलेले स्नायू म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर. बाळाचं डोकं बाहेर येताना या झोळीचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं संगणकी प्रतिकृतीतून दिसलं आहे. सिझेरियन झालेल्यांनाही या स्नायूंचा व्यायाम हवाच; नऊ महिन्यांचा भार झोळीने पेललेला असतो.

खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो. मूत्रमार्गाच्या मागे योनीची पुढची भिंत असते आणि तिला हे स्नायू धरून ठेवतात. सलाइनची नळी ओट्यावर ठेवून अंगठ्याने दाबली तर बंद होते. गादीवर ठेवून दाबली तर नुसती रुतते, थेंब पडतच राहतात. मूत्रमार्गाचंही तसंच आहे: मागचा आधार टणक असेल तर खोकल्याचा दाबच त्याला चेपून बंद करतो. म्हणून निरोगी स्नायू खोकल्याच्या क्षणभर आधीच आवळतात. प्रसूतीनंतर ताकद घटते, शिवाय ही वेळही चुकते. ती मुद्दाम शिकता येते: शिंक येतेय असं वाटताच आवळा, शिंका, मग सोडा. 1998 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात वयस्क स्त्रियांनी आठवडाभर हा सराव केला, तर खोकताना होणारी गळती बरीच कमी झाली.

ताकदीसाठी गुडघे मोडून उताणं झोपा. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखताय अशा बेताने आत आणि वर ओढा. सुरुवातीला 3 ते 5 सेकंद धरा, पुढे 10 पर्यंत न्या आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. श्वास रोखू नका, नितंब आणि मांड्या आवळू नका. सर्वांत वाईट चूक म्हणजे खाली जोर देणं, त्याने झोळी आणखी ताणते. लघवी करताना धार अडवून रोज सराव करू नये, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

टाके असले तरी दुखणार नाही इतपत हलकेच सुरू करता येतं. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असेल तर तो निघून लघवी नीट होईपर्यंत थांबा. पोट करकचून बांधल्याने हे स्नायू मजबूत होत नाहीत, दाब उलट खाली ढकलला जातो. आवळताना दुखत असेल किंवा स्नायू सैलच सुटत नसतील, तर व्यायाम वाढवू नका. स्त्रियांच्या आजारांत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.