दार लागलं का, हे विचारायचं कुणी?

आमच्याकडं पंचगंगेला पूर आला की गुऱ्हाळातली काहील बाहेर निघते. गूळ आटवायची ती पसरट कढई, पाणी चढलं की नदीकाठच्या गावात तीच होडी. लहानपणी मी बसलोय तिच्यात. हाकणारे मामा एकेकाला नावानं विचारायचे, "बसलास का?" आणि आपण मोठ्यानं "बसलो" म्हणेपर्यंत काठावरचा हात सोडायचे नाहीत. तेव्हा कटकट वाटायची, पण पुढं जहाजांच्या सेफ्टीबद्दल वाचताना मला सारखे तेच आठवत राहिले.

६ मार्च १९८७, बेल्जियमचं झीब्रुग बंदर. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' नावाची, गाड्या-माणसं नेणारी फेरी बोट निघाली तेव्हा गाड्या आत घ्यायचं पुढचं दार उघडंच होतं. दार लावायचं काम ज्याचं तो केबिनमधे झोपलेला, बघायची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याची तो खात्री न करताच ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत गेला, आणि आणखी एकाला दार उघडं दिसलं पण ते आपलं काम नाही म्हणून तोही पुढं गेला. कॅप्टनला ब्रिजवरनं दार दिसतच नव्हतं. पद्धत अशी की कुणी काही सांगितलं नाही म्हणजे सगळं ठीक. कुणीच काही बोललं नाही आणि १९३ माणसं गेली.

उघड्या दारातनं पाणी गाड्यांच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर शिरलं, पण तेवढ्यानं एवढं मोठं जहाज काही मिनिटांत आडवं कसं होतं? परातीत पाणी घेऊन चार पावलं चाला, कळेल. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. पेट्रोलच्या टँकरमधे म्हणूनच आतून आडोसे असतात. फेरीच्या गाड्यांच्या डेकवर मात्र आडोसाच नाही, कारण गाड्या एका टोकानं आत आणि दुसऱ्या टोकानं बाहेर.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. दार उघडं की बंद हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, असं त्याच कंपनीच्या कॅप्टननी आधीच मागितलं होतं आणि ऑफिसनं ते उडवून लावलं. म्हणूनच पुढं १९९३ साली आयएसएम कोड, म्हणजे जहाजं सुरक्षित चालवायची आंतरराष्ट्रीय नियमावली आली, ती १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजं, टँकर जहाजं वगैरेंना बंधनकारक झाली, त्यात किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस असतो आणि त्याला थेट कंपनीच्या सगळ्यात वरच्या साहेबांपर्यंत जाता येतं. म्हणजे खालच्याचं म्हणणं मधेच कुणी दाबायचं नाही, हे कागदावर आलं.

पण मासेमारीच्या बोटींना हा कोड लागू नाही. रत्नागिरी-मालवणकडनं आपल्या ताटात येणारं सुरमई-पापलेट ज्या बोटींवरून येतं, तिथं तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा शब्द शेवटचा. बऱ्याच ठिकाणी पगार नाही, माशांतला वाटा, म्हणजे रिकाम्या हातानं परत फिरलो तर सगळ्यांचंच नुकसान, मग वारा वाढला तरी नवा खलाशी "परत जाऊया" म्हणायला कचरतो. लाइफ जॅकेट, वायरलेस सगळं द्या, द्यायलाच पाहिजे, पण त्या पोराला बोलता येत नसेल तर बोटीवर धोका आधी ज्याला दिसला तोच गप्प बसलेला असतो.

एकदा काहिलीत मीच ओरडलो होतो, मामा पाणी आत येतंय! खरं तर नुसता शिंतोडा होता. मामा रागावले नाहीत, काहील वळवून काठाला लावली, एक पोतं उतरवलं आणि परत विचारलं, "बसलास का?"