सदर्न ५००

सदर्न ५०० ही अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील डार्लिंग्टन येथे दरवर्षी होणारी, ५०० मैलांची (सुमारे ८०५ किमी) व्यावसायिक स्टॉक कार शर्यत आहे. नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेतील ती सर्वांत जुन्या आणि मानाच्या शर्यतींपैकी एक असून, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाला जोडून ती भरवण्याचा मूळ प्रघात आहे. स्टॉक कार म्हणजे एकेकाळी खरोखरच विक्रेत्याकडून आणलेली रस्त्यावरची मोटार असे. आता शेव्हरोले, फोर्ड किंवा टोयोटाच्या मोटारीशी दिसण्यातले साम्य तेवढे उरले आहे आणि आत पोलादी नळ्यांचा सांगाडा व व्ही-८ इंजिन असते.

या शर्यतीचा स्वभाव समजून घ्यायचा तर आधी एका तळ्याकडे पाहावे लागते. हॅरल्ड ब्रॅझिंग्टन या स्थानिक व्यावसायिकाने १९३३ मध्ये इंडियानापोलिस शहरातली ५०० मैलांची प्रसिद्ध मोटार शर्यत पाहिली होती आणि तशाच तोलामोलाचा ट्रॅक आपल्या गावात असावा, असे त्याने मनात घेतले होते. १९४९ मध्ये त्याने शर्मन रॅम्से या शेतकऱ्याकडून जमीन मिळवली. पण त्या जमिनीच्या एका टोकाला रॅम्सेचे लहान माशांचे तळे होते आणि त्याला धक्का लावायचा नाही, ही त्याची अट होती. ब्रॅझिंग्टनने शब्द पाळला. तळ्याकडचे टोक आवळून घ्यावे लागले, दुसरे मोकळे राहिले आणि लंबवर्तुळाऐवजी कोंबडीच्या अंड्यासारखा आकार तयार झाला. या तडजोडीची किंमत चालक आजही मोजतात, कारण रुंद टोकासाठी नीट जुळवलेली मोटार अरुंद टोकाला ऐकत नाही आणि अरुंद टोकासाठी जुळवली तर रुंद टोकाला वेग हातचा जातो. ट्रॅकचा घेर आता १.३६६ मैल आहे, वळणांचा तिरका चढ एका टोकाला २५ तर दुसऱ्या टोकाला २३ अंश आहे आणि पूर्ण अंतर कापण्यासाठी ३६७ फेऱ्या माराव्या लागतात.

पहिली शर्यत ४ सप्टेंबर १९५० रोजी झाली. तोवर नॅसकारच्या शर्यती प्रामुख्याने लहान मातीच्या ट्रॅकवर होत आणि ५०० मैलांचे अंतर कोणी लावलेले नव्हते. ७५ मोटारी इंडियानापोलिसच्या धर्तीवर तिघा-तिघांच्या रांगांत उभ्या राहिल्या. पात्रता फेरीत अगदी मंद ठरलेला जॉनी मँट्झ आपल्या हलक्या प्लिमथसह ४३ व्या जागेवर होता. त्याने मोटारीला मालमोटारीचे कडक टायर लावले होते. वेगवान मोटारींचे टायर डांबरावर एकामागून एक फाटत गेले (प्रेक्षकांच्या उभ्या मोटारींचे टायर काढून आणल्याच्या गोष्टीही सांगतात) आणि मँट्झ मात्र एका लयीत फिरत राहिला. साडेसहा तासांहून अधिक चाललेली ती शर्यत त्याने ताशी सुमारे ७५ मैलांच्या सरासरीने जिंकली. दुसरा आलेला फायरबॉल रॉबर्ट्स त्याच्यापेक्षा नऊ फेऱ्या मागे होता. या ट्रॅकवर टायर राखणारा जिंकतो, हा धडा त्या दिवशीच मिळाला होता.

त्याचे कारण पृष्ठभागात आहे. परिसर वाळूचा असल्याने इथले डांबर सँडपेपरसारखे खरखरीत असते. नवे टायर घातल्यावर पहिल्या काही फेऱ्या झकास जातात आणि मग पकड झपाट्याने कमी होत प्रत्येक फेरीचा वेळ वाढत जातो. मोटारी घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, त्यामुळे बाहेरची भिंत उजव्या हाताला येते. सर्वांत वेगाची रेषा नेमकी त्या भिंतीला लागून जाते. तिथे वीतभर अंतर चुकले की मोटारीची उजवी बाजू भिंतीला घासते आणि दरवाजापासून मागच्या चाकापर्यंत रंग खरवडून निघतो. या खुणेला ‘डार्लिंग्टनचा पट्टा’ म्हणतात. तो अंगावर न घेता शर्यत संपवणारे थोडेच असतात, आणि विजेत्याच्या मोटारीवरही तो दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. ट्रॅकला ‘काळ्या वस्त्रांतली बाई’ हे टोपणनाव आहे, ते शोभते.

विजेत्यांत केल यारबरोची पाच विजेतेपदे आणि जेफ गॉर्डनने १९९५ ते १९९८ अशी सलग चार वर्षे मिळवलेले यश ठळक आहे. १९६५ मध्ये नेड जॅरेट १४ फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला. एवढे अंतर आजच्या चुरशीच्या शर्यतींत कल्पनेतही येत नाही. १९८५ मध्ये बिल एलियटने डेटोना व टॅलाडेगा या ट्रॅकवरच्या मोठ्या शर्यतींपाठोपाठ ही शर्यतही जिंकून दहा लाख डॉलरचे खास बक्षीस पटकावले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी नॅसकारने वेळापत्रक बदलताना ही शर्यत कामगार दिनाच्या सुट्टीतून हलवली. दक्षिणेतील जुन्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही आणि त्यांची तक्रार रास्त होती. २०१५ मध्ये शर्यत आपल्या मूळ सुट्टीत परतली, आणि त्या वर्षापासून काही काळ मोटारी जुन्या नामवंत चालकांच्या रंगसंगतीत उतरवल्या जात. आता ती रविवारी संध्याकाळी सुरू होऊन दिव्यांच्या प्रकाशात संपते. ऊन उतरले की डांबर थंड होते, पकड बदलते, आणि दुपारच्या उष्णतेसाठी जुळवलेली मोटार शेवटच्या शंभर फेऱ्यांसाठी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या थांब्यावर) पुन्हा जुळवून घ्यावी लागते.