तपासलेल्या मालावरची खूण

८ डिसेंबर २००५. टोकियोच्या शेअर बाजारात जे-कॉम नावाच्या एका छोट्या कंपनीचा तो पहिलाच दिवस होता. मिझुहो सिक्युरिटीज या दलाली पेढीकडे एका ग्राहकाची साधी सूचना आली होती: एक शेअर ६ लाख १० हजार येनला विका. संगणकावर भरताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि बाजारात ऑर्डर गेली ती ६ लाख १० हजार शेअर प्रत्येकी एका येनला विकण्याची. कंपनीचे एकूण शेअरच होते १४,५००. म्हणजे होते त्याच्या सुमारे ४२ पट शेअर विकायला निघाले. चूक कळल्यावर ऑर्डर रद्द करायची धडपड झाली, पण बाजाराच्या यंत्रणेतल्या एका दोषामुळे ती रद्द होईना. नुकसानीचा आकडा सुमारे ४० अब्ज येनवर गेला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण त्या आकडे भरणाऱ्याला दोष देतात. मला ते पटत नाही. पडद्यावर धोक्याची सूचना आली होती आणि ती बाजूला सारली गेली, हे खरं. पण ज्याला दिवसभर अशा सूचना बघाव्या लागतात त्याचं बोट कधी ना कधी सवयीनं पुढे जातंच. मला खटकतं ते दुसरंच. अस्तित्वातच नसलेले शेअर विकणारी ऑर्डर एका यंत्रणेतून दुसरीत, दुसरीतून थेट बाजारात पोचली आणि वाटेत कुठेही ‘अशी ऑर्डर असूच शकत नाही’ म्हणून अडली नाही. एक आणि ६ लाख १० हजार या दोन्ही धडधाकट संख्या होत्या. आणि संख्या म्हटली की तिला कुठेही प्रवेश मिळतो.

प्रोग्रॅमिंगमध्ये माहितीच्या जातीला ‘टाइप’ म्हणतात. संगणकाच्या स्मृतीत सगळं शेवटी शून्य आणि एकच असतं. त्या शून्य-एकांकडे संख्या म्हणून बघायचं, अक्षरं म्हणून की तारीख म्हणून, आणि त्यांच्यावर कोणत्या क्रिया करू द्यायच्या, हे टाइप ठरवतो. टाइप सांगितला नाही तर यंत्र अंदाज करतं, आणि तो अंदाज महागात पडतो. ‘सेप्ट-२’ आणि ‘मार्च-१’ अशा अर्थाची आखूड नावं असलेली मानवी जनुकं आहेत. एक्सेलमध्ये ती टंकली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांमध्ये या चुका इतक्या पसरल्या, की २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं अशा जनुकांची नावंच बदलली. यंत्राला समजावणं जमेना, म्हणून जीवशास्त्रानं माघार घेतली.

आपल्या रोजच्या माहितीतही आकड्यांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. दोन फोन नंबरांची बेरीज करून काय मिळणार? पुण्याचा ०२० हा एसटीडी कोड संख्या म्हणून साठवला की पुढचं शून्य गळून २० उरतात. पिनकोडचंच बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं आखली. ते संस्कृतचे कवीही होते, आणि त्या सहा आकड्यांची बांधणी मला एखाद्या वृत्तासारखी नेटकी वाटते. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणाऱ्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पत्र पोचवणाऱ्या कार्यालयाचे. पहिला आकडा कधीच शून्य नसतो. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ या जोड्यांनी सुरू होतात, गोव्याचे ४०३ नं. एवढी घडण असलेल्या गोष्टीला प्रोग्रॅममध्ये नुसती ‘संख्या’ किंवा नुसता ‘मजकूर’ म्हणणं म्हणजे तिची ओळखच पुसणं.

तपासणी करत नाही असं कुणी म्हणणार नाही. फॉर्म भरला की प्रोग्रॅम बघतो: सहा आकडे आहेत का, पहिला शून्य तर नाही ना. ठीक असेल तर पुढे. इथेच खरी मेख आहे. ‘ठीक आहे’ म्हटल्यावर पुढे जातो तो मघाचाच कच्चा मजकूर, जसा आला तसा. तपासणी झाल्याची खूण त्याच्यावर कुठेच नसते.

सोनाराची कसोटी आठवा. दागिना दगडावर घासायचा, रेघ बघायची आणि कस सांगायचा. जाणकाराचं काम, पण त्याचा निष्कर्ष त्या दुकानातच राहतो. तोच दागिना उद्या दुसऱ्या सोनाराकडे नेला तर तो पुन्हा घासणार. हॉलमार्क लागला की गोष्ट बदलते. तपासणी एकदाच होते आणि तिचा निकाल दागिन्यावर कोरला जातो. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखही असावी लागते.

नुसती तपासणी म्हणजे कसोटी. टाइपमधून केलेली तपासणी म्हणजे हॉलमार्क. रस्ट, हॅस्केल, ओकॅमल या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये मी ‘पिनकोड’ नावाचा स्वतःचा टाइप बनवू शकतो आणि त्यात शिरायला एकच दार ठेवू शकतो. त्या दारावरचं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, कच्चा मजकूर घेतं आणि दोनपैकी एक गोष्ट परत देतं: तयार पिनकोड किंवा तो का झाला नाही याचं कारण. ‘४११ ०३०’ असा मधे जागा सोडून लिहिलेला, देवनागरी आकड्यांत टंकलेला, आजूबाजूला रिकाम्या जागा असलेला, सगळे तिथेच एका रूपात आणायचे. दाराच्या आत जे फंक्शन पत्र पाठवतं, ते मजकूर स्वीकारतच नाही. त्याला पिनकोडच लागतो. कच्चा मजकूर द्यायचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम चालवण्याची वेळच येत नाही; प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर तो आधीच अडवतो. दागिन्यावर खोटा शिक्का मारणारे भेटतात, पण आडवाट मुद्दाम मोकळी सोडली नसेल तर इथे दुसऱ्या दारानं आत शिरता येत नाही.

अॅलेक्सिस किंग या प्रोग्रॅमरनं २०१९ मध्ये हाच विचार हॅस्केलच्या आधारे फार नेमका मांडला: नुसतं पडताळू नका, पडताळताना माहितीचं रूपच बदलून घ्या. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हजारो फंक्शनं असतात. कच्चा मजकूर आत फिरत राहिला तर प्रत्येकाला शंका येते, हे तपासलंय की नाही? काही जण पुन्हा तपासतात, काही जण दुसऱ्यानं तपासलं असेल असं धरून चालतात. चूक त्या दुसऱ्या गटात शिरते.

२१ सप्टेंबर १९९७ ला अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन या क्रूझरवर हे घडलं. माणसांची संख्या कमी करून कारभार संगणकांवर सोपवण्याचा प्रयोग त्या जहाजावर चालू होता. एका कर्मचाऱ्यानं माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं. ते शून्य आत पोचलं, कुठेतरी भाजक झालं, शून्यानं भागाकार झाला आणि त्या धक्क्यानं जाळ्यातली यंत्रं बंद पडत गेली. जहाज चालवणारी यंत्रणाच थांबली आणि एवढी मोठी युद्धनौका समुद्रात निश्चल उभी राहिली. रस्टच्या तयार टाइपांमध्ये ‘शून्य नसलेला पूर्णांक’ असा एक टाइप आहे. भाजक त्याच टाइपचा हवा अशी अट घातली की शून्य भागाकारापर्यंत पोचूच शकत नाही. रकान्यात ते भरलं जाईल, पण दारावरच परत फिरेल.

शून्याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘काहीच नाही’. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू ही भाषा घडवताना ‘नल’ म्हणजे कुठल्याच वस्तूकडे बोट न दाखवणारा रिकामा संदर्भ तीत घातला, कारण ते करणं फार सोपं होतं. २००९ मध्ये एका व्याख्यानात त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. इतक्या थोर माणसानं इतक्या मोकळेपणानं दिलेली ती कबुली मला फार मोलाची वाटते. नलची अडचण अशी, की प्रत्येक टाइपच्या आत तो चोरपावलांनी हजर असतो. ‘ग्राहक’ म्हटलं तरी तो ग्राहक असेल किंवा कुणीच नसेल. रस्ट आणि हॅस्केलमध्ये ‘असेल किंवा नसेल’ हा वेगळा टाइप आहे आणि तो उघडून आत काय आहे हे बघितल्याशिवाय आतली वस्तू वापरता येत नाही.

याच वाटेनं आणखी पुढे जाता येतं. यारॉन मिन्स्की या प्रोग्रॅमरनं ओकॅमल वापरणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला रुजवला: जी अवस्था असूच नये, ती लिहिताच येऊ नये. दुकानाच्या बिलात पैसे रोख येतील, यूपीआयनं येतील किंवा कार्डानं. पुष्कळ प्रोग्रॅमांत यासाठी तीन-चार रकाने असतात, यूपीआय आयडी, कार्ड नंबर वगैरे, आणि सगळे एकाच वेळी भरलेले किंवा सगळे रिकामे असू शकतात. त्याऐवजी ‘भरणा’ हा एक टाइप करायचा. त्याचे तीन पर्याय, आणि प्रत्येकाला हवी तेवढीच माहिती. मग ‘रोख, पण कार्ड नंबरासह’ असा भरणा मांडताच येत नाही. जे-कॉमच्या ऑर्डरला हेच लावून बघा. शेअरसंख्या आणि किंमत हे दोन वेगळे टाइप असते, तरी चुकीच्या रकान्यात चुकीचा आकडा पडलाच असता. पण ‘मान्य ऑर्डर’ हा तिसरा टाइप असता, एकूण शेअरहून मोठी संख्या त्याच्या दारातून जात नसती आणि बाजाराकडे फक्त मान्य ऑर्डरच जाऊ शकत असती, तर त्या ऑर्डरला पुढची वाट मिळाली नसती. सूचना दुर्लक्षिता येते. नसलेल्या वाटेनं जाता येत नाही.

अर्थात टाइपला घडण कळते, सत्य कळत नाही. आधारच्या बारा आकड्यांमधला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. ती रीत डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांची, १९६९ मधली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ती हमखास पकडते. पण नंबर बरोबर आहे आणि दुसऱ्याच माणसाचा आहे, हे ती सांगू शकत नाही. ते विचारायला बाहेर जावंच लागतं.

आणि कधी कधी दारावरचा नियमच अन्यायी असतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘हा मजकूर फक्त अक्षरांचा आहे का’ असं विचारणारं एक तयार फंक्शन आहे. नाव तपासायला ते सोयीचं वाटतं. त्याला ‘कमल’ दिलं की ते हो म्हणतं. ‘विमल’ दिलं की नाही. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकावर मांडायच्या ठरलेल्या पद्धतीत, क, म, ल ही अक्षरं आहेत, पण वेलांटी ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाही. तिचा वर्ग ‘चिन्ह’. काना, मात्रा, उकार, हलन्त सगळ्यांचं तेच. म्हणजे मदन, गगन, शरद आत; सविता, प्रकाश, ज्ञानेश्वर बाहेर. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं फक्त स्वतःच्या लिपीत करून बघितलं. पण खिडकीपलीकडे बसलेल्या विमलला कळतं ते एवढंच, की यंत्राला तिचं नाव चालत नाही. आडनाव सक्तीचं करणारे रकाने एकाच नावानं जगणाऱ्या माणसांना असंच ताटकळत ठेवतात.

माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘पिनकोड’च्या दारावर तीन अटी आहेत: सहाच चिन्हं, सगळे आकडे, पहिलं शून्य नको. ‘नाव’च्या दारावर एकच आहे: रिकामं नको.