गाळाचं अनुदान अडतं कुठं: ठराव, सातबारा आणि ब्रासचा घोळ

एप्रिल संपत आला की फोन सुरू होतात. "तलाव आटलाय, जेसीबीवाल्याशी बोलून ठेवलंय, आता अर्ज कुठं करायचा?" आणि मला दरवर्षी तेच सांगावं लागतं की दादा, अर्जाची वेळ जानेवारीत होती. मग समोरून शांतता. मग "तरी बघा की काही जमतंय का". नाही जमत हो बहुतेक वेळा, म्हणून यंदा आधीच लिहून टाकतोय.

विषय आहे गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेचा. २०१७ ला आली, मधे थंडावली, २०२३ मधे परत सुरू केली, यावेळी शेतकऱ्याला अनुदान देऊन. ७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर आपल्या बापजाद्यांनी जे पाझर तलाव खोदले त्यातले कितीतरी आता निम्मे मातीनं भरलेत, वरून पाणी दिसतं पण खोली नाही, फेब्रुवारीतच तळ दिसतो आणि खालच्या विहिरी मार्चमधे आटायला लागतात. तीच माती शेतात टाकली तर तलावात पाणी मावतं आणि मुरमाड रानाला जीव येतो. कल्पना चांगलीये, त्याबद्दल वाद नाही. घोळ सगळा कागदात आहे.

आधी पैशाचं क्लिअर करू कारण इथंच निम्मी भांडणं होतात. दर दोन आहेत. एक ३१ रुपये घनमीटर, तो मशीन आणि डिझेलचा, तो गाळ काढणाऱ्या संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला जातो, शेतकऱ्याच्या खात्यात त्यातला रुपया येत नाही. दुसरा ३५ रुपये ७५ पैसे घनमीटर, हा शेतकऱ्याचा, गाळ वाहून नेऊन शेतात पसरायचा. एकरी जास्तीत जास्त १५ हजार आणि तेही अडीच एकरापर्यंतच, म्हणजे कितीही टाका, वरची मर्यादा ३७ हजार ५००. चार एकरवाला म्हणतो मला साठ हजार मिळणार, त्याला कुणीतरी गावात तसं सांगितलेलं असतं. नाही मिळणार.

मिळतं कुणाला, तर एक हेक्टरपर्यंतचे अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टरवाले अल्पभूधारक. त्याच्यावर जमीन असेल तर गाळ फुकट न्या, कुणी अडवत नाही, पण वाहतूक स्वतःच्या खिशातून. अपवाद तिघांना: विधवा शेतकरी, दिव्यांग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचं कुटुंब, यांची जमीन जास्त असली तरी अनुदान मिळतं. हा अपवाद गावात फारसा कुणाला माहीत नसतो आणि यादी करणारे पण सांगत नाहीत, तेव्हा तुमच्या शेजारपाजारी कुणी असेल तर एवढं तरी त्यांच्या कानावर घाला.

आता ठराव. तलावातला गाळ काढायची मागणी ग्रामपंचायतीकडून जाते, एकट्या शेतकऱ्याचा अर्ज घेऊन कलेक्टर ऑफिसला जाऊन उपयोग नाही. मागणी जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्याकडे जाते, पुढं कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची समिती कामं मंजूर करते. आणि त्या मागणीला जोडायचा असतो ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभेचा, मासिक सभेचा नाही! सरपंच आणि चार मेंबर बसून केलेला ठराव जोडला की फाईल परत येते, आणि परत येते म्हणजे काय, तर तीन आठवडे तिथंच पडून राहते आणि तुम्ही स्वतः चौकशीला गेलात की सांगतात "अहो ती तर त्रुटीत आहे". मग पत्र का नाही पाठवलं? त्याला उत्तर नसतं.

ग्रामसभेला कोरम लागतो, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आपल्याकडं २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की लोक जिलेबी खाऊन घरी जातात, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही हे खरं, पण विषय मूळ अजेंड्यावरच पाहिजे, ऐनवेळी घुसवला तर पुढं कुणीतरी हरकत घेतो. म्हणून २६ जानेवारीच्या अजेंड्यात गाळाचा विषय आधीच टाकून घ्या. पुढची नेहमीची ग्रामसभा १ मेची. त्या दिवशी ठराव केला तर मंजुरी, मशीन, डिझेल सगळं होईपर्यंत मृग लागतो. पाऊस पडला की काम बंद, मग मंजुरी आली काय आणि नाही आली काय.

ठरावात नुसतं "गावातील तलावातील गाळ काढणेस मंजुरी" असं एका ओळीत लिहू नका. तलावाचं नाव, गट नंबर, तो कुणाच्या ताब्यात आहे, आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी गट नंबरसकट. कुणाच्या ताब्यात हे विशेष बघा कारण गावात सगळेच त्याला "आपला तलाव" म्हणतात, कागदावर मात्र तो जिल्हा परिषदेचा असतो, किंवा जलसंधारण खात्याचा, किंवा जलसंपदाचा. आणि वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी वेगळी, त्याला वेळ लागतो, तो तलाव यावर्षी धरूच नका, पुढच्या वर्षीसाठी आत्ता अर्ज टाका. अजून एक, बुडीत क्षेत्रात कुणाची गाळपेर (पाणी ओसरल्यावर तलावाच्या तळात केलेली पेरणी) असेल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्या. आमच्या शेजारच्या गावात मशीन येऊन उभं राहिलं आणि मधोमध एकाचा हरभरा उभा, घाटे भरलेले. तो म्हणतो काढणी होईपर्यंत हात लावू देणार नाही. त्याचंही चुकलं नव्हतं. मशीन गेलं दुसऱ्या गावाला.

शेतकऱ्याचे कागद तसे साधेच: सातबारा, आठ-अ (गावातल्या तुमच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा), आधार, पासबुकाची झेरॉक्स, अल्पभूधारक असल्याचा दाखला. डिजिटल सातबारा १५ रुपयात ऑनलाईन निघतो, त्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरायची गरज नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नाव बदललं, खुर्ची रिकामी असायची ती असतेच.) फार्मर आयडी काढला नसेल तर काढून ठेवा, हल्ली शेतीच्या बहुतेक योजनांना तो आधी विचारतात.

पण सातबारा ज्याच्या नावावर आहे तो माणूस जिवंत पाहिजे ना. इथं खरी अडचण आहे. शेत कसतो नातू, सातबाऱ्यावर आजोबा, आणि आजोबा जाऊन बारा वर्षं झालीत. वारस नोंद कुणी केलीच नाही कारण भावाभावात बोलणं नाही, किंवा नुसतं राहून गेलं. मागच्या साली एक आक्का आल्या होत्या, पिशवीतून एक एक कागद काढून टेबलावर ठेवत होत्या, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लॅमिनेशन करून आणलेला, वीजबिल, रेशनकार्ड, लग्नपत्रिका सुद्धा आणली होती. विधवा म्हणून त्या सरळ पात्र होत्या. फक्त सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं, अजून नवऱ्याचंच होतं. ज्या अपवादाचा त्यांना फायदा व्हायचा तोच कागदाअभावी गेला. त्या काही बोलल्या नाहीत, लग्नपत्रिका तेवढी नीट घडी करून परत पिशवीत ठेवली.

तर वारस नोंद आत्ता करा. ई-हक्क या महसूल खात्याच्या पोर्टलवरून ऑनलाईन अर्ज टाकता येतो, फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात, पण त्याआधी आणि त्यानंतर ज्या टेबलांवर अर्ज बसतो त्याचे दिवस कुणीच मोजत नाही. दिवाळीत टाकला तर होळीपर्यंत होईल असं धरून चला. जमिनीचं खातं सामाईक असेल तर कुणाच्या नावानं अनुदान घ्यायचं ते बाकीच्यांशी बोलून संमतीपत्र करून ठेवा, नाहीतर पैसे येताना चुलतभाऊ हरकत घेऊन येतो. आणि आठ-अ बघताना लक्षात घ्या की दुसऱ्या गावात जमीन असेल तर तिचाही हिशोब धरला जातो, इथं चार एकर आणि सासरवाडीकडं दोन एकर मिळून दोन हेक्टरच्या वर गेलात की तुम्ही अल्पभूधारक राहत नाही. खोटं लिहू नका, आता सगळं एका आधारवर दिसतं.

बँकेचं एका वाक्यात: खातं चालू पाहिजे आणि आधार लिंक पाहिजे, तीन वर्षं न वापरलेलं जनधन खातं देऊ नका.

आता मोजमाप, आणि हे मी सगळ्यात जास्त सांगतो तरी दरवर्षी होतंच. सरकार मोजतं घनमीटरमधे. आपण मोजतो ट्रिपांमधे, फार तर ब्रासमधे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एका पोरानं रोज संध्याकाळी वहीत ब्रास लिहिले, शेवटी बेरीज आली १४०, आणि फॉर्मवर घनमीटरच्या रकान्यात १४० टाकून मोकळा. त्याचं अनुदान निघालं ५,००५ रुपये. खरं निघायला पाहिजे होतं १४ हजाराच्या वर. नऊ हजार एका रकान्यात गेले, आणि दुरुस्तीचा अर्ज दिला तर म्हणतात पडताळणी झाली, सही तुमचीच आहे. सही त्याचीच होती.

म्हणून पहिल्या दिवशीच टेप घ्या आणि ट्रॉली आतून मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच असेल तर १२० घनफूट, म्हणजे साधारण ३.४ घनमीटर. एकरी १५ हजाराची मर्यादा गाठायला ४२० घनमीटरच्या आसपास गाळ लागतो, म्हणजे अशा सव्वाशे ट्रिपा. एवढा गाळ एकरभर पसरला तर चार इंचाचा थर होतो, त्याच्यापेक्षा जास्त टाकून उगाच रान दाबू नका, पावसात चिखल होऊन बसतो. प्रत्येक ट्रिपची चिठ्ठी, ट्रॅक्टरचा नंबर आणि तारीख. नोंदी अवनी नावाच्या ॲपवर जातात, ते भरणारा माणूस संस्थेचा किंवा ग्रामपंचायतीचा, त्याच्या मोबाईलवर तुमच्या नावापुढं काय आकडा पडलाय तो आठवड्यातून एकदा बघा. लाजू नका विचारायला.

आणि खर्च निघेल का, तर ३५.७५ नं ब्रासला शंभर रुपये पडतात. तलावाला लागून रान असेल त्याचं भागतं, दोन किलोमीटरवर रान असेल तर वरचे पैसे तुमचे. हे आधीच धरून चला म्हणजे नंतर फसवलं फसवलं वाटत नाही.

वाळूला हात लावायचा नाही. गाळाच्या खाली वाळू लागली की काम थांबवावंच लागतं, आणि रात्री एखादी हायवा वाळू भरून गेली तर गुन्हा एकावर होतो पण काम सगळ्या गावाचं बंद पडतं. गाळ विकायचाही नाही, वीटभट्टीवाला येऊन जास्त पैसे दाखवतो. भरावाच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्याशी खोदू नका, तळ किती खाली घ्यायचा ते इंजिनिअर आखून देईल तेवढंच, जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात त्यामुळं तो कधीच पुरे म्हणत नाही.

गाळ पसरून झाला की पडताळणी होते, त्या दिवशी बांधावर हजर राहा आणि पसरलेल्या गाळाचे फोटो लोकेशनसकट स्वतःच्या मोबाईलमधे काढून ठेवा, नांगरट त्यानंतर करा. लोक घाईत नांगरून टाकतात आणि मग साहेब विचारतात गाळ कुठंय. जो कागद द्याल त्याची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, "ठेवा इथं" म्हणाले तरी. पैसे दिवाळीपर्यंत नाही आले तर आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा, निम्म्या वेळा ते दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. तिथंही नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट लागतं, ३० दिवसात उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात "माझे पैसे का आले नाहीत" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. अमुक तलाव, अमुक गट नंबर, पडताळणी अहवालाची प्रत आणि अनुदान वाटपाची यादी द्या, एवढंच मागा.