स्टॉक साइटवर फोटो-व्हिडिओ रिजेक्ट का होतात? मॉडेल रिलीज, टॅक्स फॉर्म आणि बाकीची कटकट

ओळखीतल्या चार-पाच जणांनी शटरस्टॉक नाहीतर अडोबी स्टॉकवर, म्हणजे आपले फोटो-व्हिडिओ ऑनलाइन विकायला ठेवता येतात अशा स्टॉक साइटवर, खातं उघडलंय आणि प्रत्येकाचा फोन तोच, फोटो तर एक नंबर आलाय मग रिजेक्ट का केला? बघायला गेलं की फोटो खरंच चांगला असतो, घोळ कागदात असतो.

खातं उघडायला पैसे लागत नाहीत, वय १८ पूर्ण पाहिजे, फोटो तुम्हीच काढलेला पाहिजे, ओळखपत्र लागतं. इथे फक्त नावाकडे नीट बघा. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पेपालला तिसरंच काहीतरी, असं असेल तर पैसे काढताना अडकणार. खातं उघडतानाच पॅनवर आहे तसंच नाव टाका, नंतर बदलायला गेलं की सपोर्टवाले दोन आठवडे ईमेल ईमेल खेळतात.

फाइल जेपीईजी आणि किमान ४ मेगापिक्सेल. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो १६०० बाय १२०० च्या आसपास येतो, म्हणजे २ मेगापिक्सेलसुद्धा नाही, आणि लोक तोच मोठा करून टाकतात, मग तो धुरकट दिसतो आणि परत येतो. फोनमधली मूळ फाइल घ्या. हरिहरेश्वरच्या एकाच सूर्यास्ताचे चाळीस फोटोही नका टाकू, दोन निवडा, बाकीचे 'सारखेच आहेत' म्हणून परत येतात.

आता खरी डोकेदुखी, मॉडेल रिलीज. फोटोतला माणूस ओळखू येत असेल तर त्याची लेखी परवानगी लागते, म्हणजे लागतेच. आई चुलीवर भाकरी थापतेय, मग आईची पण. स्वतःचा सेल्फी असेल तर स्वतःची पण! लोकांना हे हास्यास्पद वाटतं, मलाही वाटलं होतं, पण तपासणाऱ्याला ती तुमची आई आहे हे कसं कळणार? आणि पाठमोरा आहे म्हणून सुटलो असं समजू नका, हातावरचा टॅटू बघून माणूस स्वतःला ओळखू शकत असेल तरी मागतात. फॉर्म साइटवरच मिळतो, त्यावर मॉडेलची म्हणजे फोटोतल्या माणसाची सही, तुमची सही आणि साक्षीदाराची सही. इथेच निम्मे लोक पडतात कारण साक्षीदार म्हणून स्वतःच सही ठोकतात. साक्षीदार तिसरा माणूस पाहिजे, शेजारच्या काकू चालतील. मूल १८ च्या आतलं असेल तर आईवडिलांपैकी एकाची सही, आणि स्वतःच्याच पोराचा फोटो असला तर तुम्ही पालक म्हणून पण सही करता आणि फोटोग्राफर म्हणून पण, साक्षीदार मात्र वेगळाच. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपला ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, तिकडे तो ४ मार्च होतो.

माणूस नसला तरी सुटका नाही. मसाल्याच्या पाकिटावरचं नाव, रिक्षावरचा लोगो, दुकानाची पाटी, भिंतीवर कुणीतरी रंगवलेलं वारली चित्र, हे सगळं कुणाच्या तरी मालकीचं. लोगो पुसून टाका, नाहीतर फोटो 'एडिटोरियल' मध्ये टाका, म्हणजे तो बातमी-लेखासाठी वापरता येतो, जाहिरातीसाठी नाही. विसर्जन मिरवणुकीतल्या ढोलपथकात पन्नास चेहरे असतात, पन्नास सह्या कुठून आणणार, तो शटरस्टॉकवर सरळ एडिटोरियलच. तिथे त्याची कॅप्शन ठरलेल्या साच्यात लागते, आधी गाव आणि देश, मग तारीख, मग काय चाललंय ते. म्हणजे 'पुणे, इंडिया - सप्टेंबर १७ २०२४: ढोलपथक मिरवणुकीत वाजवताना', हे सगळं इंग्रजीत. एडिटोरियल फोटोत एडिट करून काही पुसायचं नाही, पुसलंत तर तिथेही नापास.

कीवर्ड, म्हणजे फोटो शोधताना टाकायचे शब्द, शटरस्टॉकला ७ ते ५०, अडोबीला ४९ पर्यंत आणि तिथे पहिले दहा महत्त्वाचे, त्यामुळे 'भारत' पहिला आणि 'भाकरी' चाळिसावी असं नको. ब्रँडची नावं टाकू नका.

व्हिडिओ ५ ते ६० सेकंदांचा, हात हलला की गेला, आणि मागे टपरीवरचं गाणं वाजत असेल तर आवाज काढून टाका, गाण्याचेही हक्क असतात. एआयने बनवलेली चित्रं अडोबी घेतं पण तसं टिक करून सांगावं लागतं, शटरस्टॉक घेत नाही.

राहिला टॅक्स फॉर्म, डब्ल्यू-८बीईएन, म्हणजे तुम्ही अमेरिकेचे नाही असं तिथल्या करासाठी सांगणारा फॉर्म. नाव बघूनच लोक तो सोडून देतात आणि मग अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापले गेले की बोंब मारतात. भारत-अमेरिका कर-कराराने रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीतून तुम्हाला मिळणाऱ्या वाट्यावर, १५ टक्के लागतात, पण कराराचा रकाना तुम्ही भरलात तरच, आणि टॅक्स नंबर म्हणून पॅन टाकायचा. फॉर्मची मुदतही चुकीची वाचतात. 'तीन वर्षं' म्हणजे सहीपासून तीन वर्षं नव्हे, सहीचं वर्ष सोडून पुढची तीन. मार्च २०२३ ला सही केली असेल तर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालतो, जानेवारीत नवा भरायचा.

आणि रिजेक्ट झालेली फाइल काहीही न बदलता परत परत टाकू नका, त्याने खातं बंद होऊ शकतं. रागाने दुसरं खातं तर अजिबात उघडू नका.