बेघर रुग्णांची संगणकीय नोंदप्रणाली

रस्त्यावर, निवाऱ्यात किंवा ओळखीच्यांकडे तात्पुरत्या आसऱ्याला राहणाऱ्या रुग्णांचा केसपेपर संगणकावर ठेवणारी आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या डॉक्टर-परिचारिकांना तो पाहता येईल अशी व्यवस्था. नेहमीच्या दवाखान्याचे सॉफ्टवेअर रुग्णाला घर आहे, फोन आहे आणि तो पुन्हा इथेच येणार आहे, असे गृहीत धरते. बेघर रुग्णाच्या बाबतीत हे तिन्ही चुकू शकते.

या क्षेत्रातले महत्त्वाचे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टनचे आहे. रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठान आणि प्यू न्यास यांच्या अर्थसाहाय्याने १९८५ मध्ये अमेरिकेतल्या १९ शहरांत बेघरांसाठी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि १९८७ च्या मॅकिनी कायद्याने अशा सेवेला केंद्र सरकारचा निधी मिळाला. बॉस्टनच्या उपक्रमाचे संस्थापक डॉक्टर जिम ओ'कॉनेल. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे बेघरांसाठीच्या सेवेचा संगणकीय केसपेपर तयार झाला. त्याची गरज उघड होती. एकच माणूस रात्री निवाऱ्यातल्या परिचारिकेकडून पायाची मलमपट्टी करून घेतो, पहाटे एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोचतो आणि आठवड्याने दुसऱ्याच रुग्णालयात दाखल होतो. कागदावर हे तीन वेगळे रुग्ण दिसतात.

अशा नोंदी एकत्र आल्या की धोका आधी दिसतो. बॉस्टनमधल्या अभ्यासातून दीर्घकाळ बेघर असलेल्यांच्या मृत्यूची शक्यता वाढवणाऱ्या खुणा पुढे आल्या: साठीपुढचे वय, यकृताचा सिरोसिस, मूत्रपिंड निकामी होणे, एचआयव्ही, हिमदंश किंवा ओल्या थंडीने पाय सडण्याचा पूर्वेतिहास, तीन महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा तातडीच्या विभागात येणे, आणि मानसिक आजार, व्यसन व शारीरिक आजार हे तिन्ही एकत्र असणे. मागच्या हिवाळ्यात कोणाच्या पायाला हिमदंश झाला होता, हे शोधून काढता न येणारी प्रणाली या कामाला पुरी पडत नाही.

सर्वांत अवघड रकाना पत्त्याचा. तो सक्तीचा ठेवला की नोंदणी करणारा काहीतरी खोटे भरतो आणि मग तपासणीचा अहवाल कुठेच पोचत नाही. म्हणून 'कुठे भेटेल' यासाठी मोकळी जागा लागते: कोणता निवारा, कोणता पूल, कोणाकडे निरोप ठेवायचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत पत्त्याचा पुरावा नसला तरी दवाखान्यात नाव नोंदवता येते आणि पत्ता म्हणून दवाखान्याचाच वापरता येतो. इन्सुलिन थंड ठेवायची सोय आहे का, गोळ्या चोरीला जातात का, हेही केसपेपरमध्ये हवे. औषध त्यावर ठरते.

नावाचाही घोळ असतो. टोपणनाव, चुकीची जन्मतारीख, हरवलेली ओळखपत्रे यांमुळे एकाच रुग्णाचे अनेक केसपेपर होतात. पण दोन माणसांचे केसपेपर चुकून एक होणे अधिक भयंकर, कारण एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून जोडणी आपोआप होऊ देऊ नये.

गोपनीयतेचा प्रश्न इथे जास्त टोकदार आहे. अमेरिकेत निवाऱ्यांची आणि घरवाटपाची माहिती वेगळ्या प्रणालीत राहते, तर वैद्यकीय नोंदींना रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला लावणारा १९९६ चा 'हिपा' कायदा लागू होतो. व्यसनमुक्तीच्या उपचारांच्या नोंदींवर याहून कडक नियम आहेत. निवाऱ्यांची आणि वैद्यकीय माहिती जोडल्याने घर लवकर मिळू शकते, पण रुग्णाची संमती घेतल्याशिवाय ती जोडणे अन्यायच. कौटुंबिक हिंसेतून सुटलेल्यांना आसरा देणाऱ्या संस्थांना तर ओळख पटेल अशी माहिती निवाऱ्यांच्या त्या सामायिक प्रणालीत भरण्यास मनाई आहे.

अमेरिकेच्या रोगसंकेतावलीत, म्हणजे आजार नोंदवण्याच्या ठरलेल्या संकेतांच्या यादीत, बेघरपणाचा संकेत 'झेड ५९.०' होता; ऑक्टोबर २०२१ पासून निवाऱ्यातले आणि उघड्यावरचे असे वेगळे उपसंकेत आले. बेघरांच्या सेवेसाठी सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्य केंद्रांना रुग्ण कुठे राहतो हे दरवर्षी कळवावे लागते, आणि घर मिळाल्यानंतरही बारा महिन्यांपर्यंत त्याला या सेवेत ठेवता येते. त्यामुळे निवासाची जुनी नोंद पुसून नवी लिहिणे चालत नाही. प्रत्येक बदल तारखेसह राखावा लागतो.