नदीच्या फेसातली कात

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या केशवनगर-खराडी भागातला एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. मुळा-मुठेच्या वर काळपट खांब उभा राहिलेला आणि खाली मथळा: ‘डासांचं वादळ!’ लगेच डेंग्यूपासून कलियुगापर्यंत सगळी भाकितं निघाली.

नदीवर असा खांब धरणारे कीटक बऱ्याचदा डास नसतातच. ती असतात न चावणारी चिलटं, कायरोनॉमिड कुळातली. खांबात जवळजवळ सगळे नर. एखादं झाड, दिव्याचा खांब किंवा इमारतीचा कोपरा धरून ते त्याच्यावर घिरट्या घालतात. मादी त्यात शिरली की नर आपल्या पिसांसारख्या मिशांनी तिच्या पंखांचा आवाज टिपतो. भिंतीवर बसलेलं चिलट जवळून पाहा: पुढचे दोन पाय हवेत उचललेले, आणि डासासारखी लांब सोंड नाही. घरात शिरणारा क्युलेक्स डास उचलतो ते मागचे पाय. धूरफवारणीने मरतात ती चार दिवसांत आपोआप मरणारीच चिलटं; पुढची पिढी खाली गाळात सुखरूप असते.

गाळातल्या या अळ्या मासे पाळणाऱ्यांना चांगल्या ठाऊक असतात. दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतात त्या याच. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, पण ते आपल्यासारखं पेशींत भरलेलं नसतं, थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं. सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू उतरला की बाकीचे कीटक नाहीसे होतात आणि या तग धरतात. मात्र ‘चिलटं दिसली, म्हणजे नदी घाण’ हे समीकरणही चुकीचंच. या कुळातल्या सात हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय वर्णनं झाली आहेत. काहींना खळाळतं, गार पाणीच लागतं. काही दगडावरच्या शेवाळावर जगतात, काही बुडालेलं लाकूड पोखरतात, काही दुसऱ्यांच्या अळ्या खातात. त्यामुळे पानशेतच्या वरचे ओढे ते शहराच्या खालच्या अंगाचं मुंढवा एवढ्या पाणलोटात कुठे कोणत्या जाती आहेत, याची यादी केली तर नदी कुठून बिघडते ते त्या यादीतच दिसेल.

पण यादी करायची कशी? दगड उलटा, गाळ उपसा, लाकूड फोडा, आणि तरीही निम्म्या अळ्या हुकतात. इथे एक फार सुंदर युक्ती आहे. जिवंत किड्याच्या मागे लागायचंच नाही, त्याची कात गोळा करायची.

अळीचा कोष होतो. तो पक्व झाला की पोहत पृष्ठभागावर येतो, पाठीवर उभा फाटतो, चिलट बाहेर पडतं आणि उडून जातं. मागे राहते कोषाची रिकामी कात. तिच्यावर मेणचट थर आणि आत हवा, म्हणून ती साधारण दोन दिवस तरंगते. मग जिवाणू तिला कुजवतात आणि ती बुडते. तेवढ्या वेळात प्रवाह आणि वारा तिला काठाशी, पडलेल्या फांदीच्या आडोशाला, जलपर्णीच्या कडेला ढकलतात, म्हणजे जिथे फेस साठतो तिथेच. पाव मिलिमीटर छिद्रांच्या जाळीने तो फेस उचलून अल्कोहोलमध्ये ठेवला की दगडावरची, गाळातली, लाकडातली अशी प्रवाहाच्या वरच्या अंगाची सगळी मंडळी एका बाटलीत येतात. आणि जीवहत्या जवळपास शून्य!

सूक्ष्मदर्शकाखाली कात म्हणजे पारदर्शक पापुद्रा. छातीवर श्वसनशिंगांची जोडी: गाळातल्या कायरोनॉमस प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) तिचा बारीक तंतूंचा झुबका, इतर काहींत साधी नळी, तर काहींत शिंगं नाहीतच. पोटाच्या प्रत्येक खंडावर काट्यांच्या ओळी, शेवटच्या पाळ्यांना केसांची झालर. काटे कोणत्या खंडावर, मागच्या कडेला की मध्ये, झालर पूर्ण की अर्धी, यावरून प्रजाती ठरते आणि कित्येकदा जातही. जननेंद्रियांच्या खोळीवरून नर-मादीसुद्धा कळतात. शंका राहिलीच, तर पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा, तुकडा वाचून ताडून पाहता येतो. त्याला डीएनए बारकोड म्हणतात. त्यासाठी अळी किंवा चिलट बरं पडतं, कारण रिकाम्या कातीत डीएनए अगदी तुटपुंजा असतो.

युरोपात ही पद्धत जुनी आहे. जर्मनीतले जलजीवशास्त्रज्ञ आउगुस्ट थीनमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशी कात गोळा करत होते. एका फेरीत भागत नाही, हे मात्र खरं. बाटलीत येतात ती गेल्या एक-दोन दिवसांत उडालेली चिलटंच, आणि प्रत्येक जातीचा उडण्याचा हंगाम वेगळा. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात पूर आला की फेसही वाहून जातो आणि कातही.

दुसरी अडचण नावांची. कातीवरून ओळख पटवण्याचे तक्ते मुख्यतः युरोप-उत्तर अमेरिकेतल्या जातींचे आहेत. भारतातल्या जातींवर पश्चिम बंगालमधल्या बर्दवान विद्यापीठात बरंच काम झालं, पण जुनी वर्णनं बहुतेक पंखवाल्या नरांवर बेतलेली. फेसातली कात आणि त्या वर्णनातला नर एकाच जातीचे आहेत हे ठरवायचं तर अळी एकेका छोट्या कुपीत वाढवावी लागते, आणि अळीची कात, कोषाची कात आणि उडायला तयार झालेलं चिलट तिन्ही एकाच क्रमांकाखाली जपून ठेवावी लागतात.